दाराच्या बाजूची शिवण

आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई कुठे चाललीय म्हणून तुम्ही वाट बघत बसायला नको. मी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवते. आणि सहा गाड्यांत मी एक शिवण अशा जागी घातली, जिथे ती घालायची नसते. अलीकडच्या काही गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, हवेची पिशवी दडवलेली असते. बाजूने ठोकर बसली की ती सीट फोडून बाहेर येते आणि माणसाच्या बरगड्या वाचवते. मी ती वाट दुहेरी टीप मारून बंद केली. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण ज्या शेजाऱ्याने माझी ही चूक पाहिली आणि तोंड मिटून ठेवलं, त्यालाच मी गिऱ्हाइकासमोर, गाडीच्या रंगावरून, वाटेल ते बोलले. आता लिहितानाही कान गरम होतात.

आमची गल्ली भिवंडीतली, मागे लूमची खडखड, पुढे टेम्पोंची रांग. आमचे हे तीस वर्षं टेम्पोवर होते, कापडाचे तागे पोचवायचे. समोर ज्यांची शेड आहे ते डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात. गाडीचा पोचा काढायचा, लांबी भरायची, म्हणजे ती पुट्टी हो, आणि घासून रंग मारायचा. त्यांच्या आजोबांपासूनचं घर इथलं. आमच्या ह्यांचे दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणतात. मी त्यांना भाई म्हणते, त्यांच्या घरातल्या माणसाला भाभी.

मी शिवण कुठे शिकले म्हणाल तर कुठेच नाही. चौथीनंतर पाटी सुटली. लग्न होऊन इथे आले तेव्हा गोदामांच्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवायचं काम घरी मिळायचं, ते घेतलं. जाड कापड, अठरा नंबरची सुई, नायलॉनचा दोरा. पिशवीत काय भरतील सांगता येत नाही, म्हणून शिवण अशी हवी की पिशवी फाटेल पण टीप उसवणार नाही. हाच माझा एक गर्व. एकदा ह्यांच्या टेम्पोची सीट उंदरांनी कुरतडली, तेव्हा मी रेक्झिन आणून तिला नवं अंग शिवलं. भाई टेम्पोचा पोचा काढायला आत वाकले आणि तिथूनच ओरडले,

"वहिनी, ये किसने सिला?"

"का? वाकडं आहे का?"

"वाकडं? अरे मी बाजारातून करून आणतो ते सहा महिन्यांत उसवतं. हे तर मी मेल्यावर पण राहील."

"तुम्ही कशाला मरताय, आधी तो दरवाजा सरळ करा."

तिथून सुरू झालं. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या सीटा मी शिवायच्या, आमच्या गाडीचं काम त्यांनी करायचं. मी त्याला सावड म्हणायचे. माझं माहेर दिघाशीचं. तिथे भाताची लावणी सावडीने व्हायची. आज आम्ही सगळे तुझ्या शेतात, उद्या तुम्ही सगळे आमच्या. भाईंना हा शब्द फार आवडला. ते कधी शेतात उतरले नाहीत, पण गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे, "आमची सावड हाय वहिनींसोबत." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे, गावाकडचं बरोबर बोललो ना म्हणून.

मी त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली होती. आमच्याकडे 'सावड फिटली' असं कुणी तोंडाने म्हणत नाही. म्हटलं तर त्याचा अर्थ, पुढच्या वर्षी आम्हाला बोलावू नका.

असं पुष्कळ वर्षं चाललं. ह्यांनी टेम्पो सोडला आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली, तिचंही सगळं भाईच बघायचे. मग भाईंनी आपल्या मुलीसाठी गाडी घेतली. मुलगी कल्याणला दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी कधी सकाळची कधी दुपारची. गाडी जुनीच घेतलेली, पण चांगल्यातली. भाई म्हणाले, "वहिनी, लडकी की गाडी है, तुमच्या हातचं सगळ्यात भारी काम पाहिजे."

मग काय. मी मरून रंगाचं रेक्झिन काढलं, वर क्रीम रंगाची पायपिंग. माप घेताना सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूने, एक बारीक लेबल दिसलं. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तसं लेबल मी आधीही दोन-चार गाड्यांत पाहिलं होतं. मला काय वाटलं सांगू? ब्लाउजपीसला, साडीला असतं ना, कसं धुवायचं, इस्त्री करायची की नाही, तसलं काहीतरी. शिवणाऱ्या बाईला शिवणीतून बाहेर लोंबणारं लेबल दिसलं की हात शिवशिवतो. मी ते नीट आत दुमडलं आणि वरून दुहेरी टीप मारली. प्रत्येक वेळी तसंच केलं होतं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला, लेबलच तर आहे!

मुलीने गाडी पाहिली आणि मला मिठीच मारली. भाभींनी शेवयांचा डबा पाठवला. मी आठवडाभर हवेत.

त्याच्या बदल्यात भाईंनी आमच्या गाडीचा मागचा दरवाजा करून द्यायचा होता. ह्यांनी गाडी मागे घेताना खांबाला घासली होती. मधेच माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी काळा चष्मा लावून घरात पडून होते, त्या दिवसांत भाईंनी दरवाजा केला. पोचा काढला, लांबी भरली, पांढरा रंग मारला. मला दिसलंच नाही नीट. पट्टी निघाल्यावरही मी सावलीत बघितलं आणि म्हटलं, छान.

मग आम्ही अकलोलीला गेलो. माझ्या गुडघ्यांना तिथल्या गरम पाण्याने बरं वाटतं. माझी जाऊ आणि तिची सून बरोबर होत्या. कुंडाबाहेर टळटळीत ऊन, तिथे गाडी उभी, आणि नवा डोळा माझा. मागचा दरवाजा एकदम निळसर पांढरा, बाकीची गाडी दह्यासारखी पिवळट. सुनेने हळूच विचारलं, "काकी, हा दरवाजा दुसऱ्या गाडीचा बसवलाय का?" जाऊ खो-खो हसली. "मेली, गाडीला ठिगळ लावलंय!"

एवढंच झालं. एवढ्याने माणसाचं काय बिघडतं? पण माझं बिघडलं. वाटेत ह्यांनी दोनदा सांगितलं, "अगं, जुना पांढरा उन्हाने पिवळा पडतो. त्याच्या शेजारी नवा पांढरा असाच दिसणार." मी ऐकलं नाही. माझं एकच, मी त्यांच्या मुलीच्या गाडीत जीव ओतला आणि त्यांनी माझी वाट अशी लावली.

गल्लीत उतरले ती थेट शेडमध्ये. भाईंसमोर एक गिऱ्हाईक उभं होतं, मोठी गाडी घेऊन. अख्ख्या गाडीला रंग मारायचा होता त्याला. मी बघितलं ते. बघून बोलले, हे लपवत नाही.

"भाई, ही कसली सावड? तुमचा दरवाजा बघून लोक हसले मला!"

"वहिनी, जरा थांबा, मी तुम्हाला समजावतो..."

"काय समजावता? डोळ्यावर पट्टी होती म्हणून वाटेल ते खपवलंत? मी कधी तुमच्या कामात वाकडी टीप घातलीय का? एक तरी दाखवा!"

 भाईंनी हातातला पॉलिशपेपर पाण्याच्या बादलीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मला वाटलं, सापडले, म्हणून गप्प. त्या गिऱ्हाइकाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, "बादमें आता हूँ" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी भाई आमच्या गाडीची चावी मागून घेऊन गेले. चार दिवस गाडी शेडमध्ये. नुसता दरवाजा नाही, ती अख्खी बाजू त्यांनी पुन्हा घासली, रंग जुन्याशी जुळवत जुळवत मारला. असा जुळवला की नवा कुठे सुरू होतो, सापडणार नाही. चावी आणून ह्यांच्या हातात दिली. मी दारातच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वहिनी, सावड फिटली."

मला चटका बसला. त्यांना अर्थ आठवत होता की नाही, मी आजही विचारलेलं नाही. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "बरं झालं."

मग गल्लीत राहूनही आम्ही जणू लांबच्या गावाला राहायला गेलो. ते शेडमधून बाहेर आले की मी आत. आमचे हे जाऊन बसायचे त्यांच्याकडे, मला त्याचाही राग. ईदला भाभींनी नेहमीसारखा शीरखुर्मा पाठवला. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मला कुणी शिकवायला नको. चार दाणे साखर तरी घालायची. मी डबा घासला, पुसला आणि रिकामा पाठवला. मुद्दाम. भाभींनी तो हातात घेऊन झाकण उघडून पाहिलं असेल, हे डोळ्यांसमोर येतं तेव्हा मला हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

आता पुढचं ऐका. मला डोळा दाखवायला कल्याणला जायचं होतं. ह्यांना ताप. मी नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी, तर भाईंची मुलगी गाडी थांबवून म्हणाली, "काकी, बसा ना. मी ड्युटीलाच चाललेय." नको म्हणायला तोंड उघडलं, पण ऊन इतकं होतं की बसले.

बसल्याबरोबर माझा हात सवयीने सीटच्या कडेला गेला. आपलं काम आपण चाचपून बघतोच. आणि बघते तर शिवण उसवलेली! दाराच्या बाजूची, वरपासून खालपर्यंत, ब्लेडने कापलेली. कडा आत दुमडून कुणीतरी हाताने टाके घातलेले, एक इथे एक तिथे, पोराने पतंगाला डिंक लावावा तसे.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"काय, काकी?"

"माझी शिवण कुणी उसवली? दुसऱ्या कुणाकडे दिली होती का? असली टाकेबाजी! आधी मला सांगायचं होतं, मी करून दिलं असतं. तुझ्या बाबांना माझं काम आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचं."

तिने गाडी बाजूला घेतली.  मग म्हणाली, "काकी, बाबांनीच उसवलीय ती. हे टाकेही त्यांचेच."

"का पण?"

"इथे एअरबॅग असते."

"ती पुढे असते, स्टिअरिंगमध्ये. मला माहितीये."

"पुढे असते, आणि या गाडीत इथेही असते. मी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा तिथल्या माणसाने दाखवलं. म्हणाला, कव्हर इतकं मजबूत शिवलंय की ठोकर बसली तर बॅग बाहेरच येणार नाही, नाहीतर भलतीकडे फुटेल. ते लेबल त्यासाठीच असतं, काकी. इथे झाकू नका म्हणून."

मी विचारलं, "हे कधीचं?"

"तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, त्याच आठवड्यात."

म्हणजे आमचा दरवाजा रंगवताना त्यांना ठाऊक होतं. आणि मी शेडमध्ये उभं राहून "एक तरी वाकडी टीप दाखवा" म्हटलं, तेव्हा त्यांच्या मुलीची गाडी माझ्या मागे चार हातांवर उभी होती. हात लांब करून दाखवायचं होतं फक्त.

ती पोरगी मला समजावत होती, "काकी, रडू नका हो, डोळ्याला त्रास होईल." ती शिवण उसवेपर्यंत ती रोज शेजारच्या तसल्याच सीटवर बसून हायवेने जात होती. माझ्या सगळ्यात भारी कामावर टेकून.

डॉक्टरने डोळ्याचं काय सांगितलं ते मला आठवत नाही. परत आले ती सरळ शेडमध्ये. भाई एका गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते. मी पायांशीच बोलले. बरं झालं, तोंड दिसत असतं तर बोलता आलं नसतं.

"भाई, मला का नाही सांगितलं?"

 गाडीखालून आवाज आला. "तुमच्या डोळ्याला पट्टी होती वहिनी. सोचा, ठीक झाल्यावर सांगू."

"झाला की ठीक. मग?"

"मग तुम्ही आलात रंगाचं घेऊन. त्याच्यानंतर सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, बदला काढतोय. मला पण तसंच वाटलं असतं." ते बाहेर सरकले आणि उठून बसले. केसांत लांबीची पूड. "माझ्याकडून आलेल्या दोन गाड्या होत्या, तशाच लेबलवाल्या. त्या मी बोलवून घेतल्या, पॉलिश करून देतो म्हणून, आणि उसवल्या. म्हटलं, झालं, बात खतम."

"दोनच नाहीत, भाई."

"म्हणजे?"

"मी माझ्या माझ्याही शिवल्यात. तुमच्याकडून न आलेल्या. लेबलवाल्या तीन."

भाईंचा चेहरा उतरला. इतके महिने त्यांनी मला वाचवलं असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्यात तीन गाड्या रस्त्यावर तशाच फिरत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्लाह. मीच गाढव. राग धरून बसलो."

"तुम्ही कशाला? शिवल्या मी," मी म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे नीट पाहिलं.

मी प्रत्येक कामाचा रेक्झिनचा तुकडा पिशवीत ठेवते, त्यावरून गाड्या आठवल्या. काळा-लाल तुकडा म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधले मास्तर. ते काम त्याच संध्याकाळी झालं. मास्तरांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "आजी, तुम्ही सांगायला आलात हेच पुष्कळ," आणि त्यांची बायको मागून म्हणाली, "अहो, आपण पोरांना पुढे बसवतो." तिने बरोबर तेच म्हटलं, जे म्हणायचं असतं. मी मान खाली घालून शिवण उसवत राहिले.

तपकिरी तुकडा माझ्या भाच्याचा, दिघाशीला. त्याला फोन केला तर म्हणतो, "आत्ये, सीटला काय न्हाय झाला. चांगली टाइट हाय."

"तेच सांगतेय ना, टाइट आहे तेच चुकलंय."

"आता टाइट पन चुकला? मंग सैल शिवायची व्हती!" आणि हसला. त्याच्या गाडीच्या दारात मी दुसऱ्या दिवशी जाऊन बसले. सगळ्या वाडीसमोर, पाय पसरून, ब्लेड घेऊन. बायका जमल्या. "आत्याबाई, आपलाच काम उसवताय?" एकीने विचारलं. मी हो म्हटलं. ज्या गावात मी शहरातून गाड्यांची कव्हरं शिवणारी म्हणून मिरवले, तिथेच.

तिसरा तुकडा करडा. अंबाडीच्या एका किराणावाल्याचा. त्याला गाठलं तर त्याने गाडी विकलेली, वाडा तालुक्यातल्या कुणाला. नंबर दिला त्याने. भाईंनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि माझ्यापुढे धरला.

"कोण बोलतंय?"

"तुमच्या गाडीची सीटकव्हरं शिवणारी."

"अरे वा! आजी, कव्हरं एक नंबर आहेत. गाडी मी त्या कव्हरांकडे बघूनच घेतली."

 भाई खूण करत होते, बोला, बोला. मी सगळं सांगितलं, लेबलचं, पिशवीचं, शिवणीचं. पलीकडून तो म्हणाला, "म्हणजे तुम्हीच शिवलं आणि तुम्हीच म्हणताय फाडा?"

"हो बाळा."

"पैसे-बिसे मागायचं काही नाही ना?"

"नाही रे. नुसती उसव. नाहीतर मी येते."

"बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी रोज फोन करू लागले. तिसऱ्या दिवशी तो उचलेना. मग भाईंच्या फोनवरून केला. वैतागून त्याने शेवटी एक फोटो पाठवला, कव्हर कापल्याचा. भाईंच्या मुलीने तो मोठा करून दाखवला. सुरीने कापलेलं, वेडंवाकडं. आणि शेजारी गिअरचा दांडा दिसत होता. त्याने आतल्या बाजूची शिवण कापली होती. दाराकडची जशीच्या तशी.

आम्ही तिघं त्या फोटोकडे बघत बसलो. मुलीला हसू आलं, मग तिने ते दाबलं.

"आता मी परत फोन केला तर तो मला वेडी म्हणेल," मी म्हटलं.

"म्हणू दे," भाई म्हणाले. "रविवारी जाऊ. पत्ता मी काढतो, गाडी मी चालवतो." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पण वहिनी, दारात उभं राहून बोलायचं तुम्हीच. मी गाडीतून उतरणार नाही."

मी हो म्हटलंय. आज शुक्रवार आहे. सकाळपासून स्वयंपाक करताना मनात वाक्य जुळवतेय, त्या माणसाच्या बायकोने दार उघडलं तर पहिलं काय बोलायचं. अजून जुळत नाहीये.